पार्सल

धाकट्या डहाणूत संगिताला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं थोडीच. बाकी सगळे तिला पार्सल म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं तिच्या थोरल्या दिराने, रविंद्रने.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवरा नविन तिला महालक्ष्मीच्या जत्रेला घेऊन निघाला होता. चारोटीला उतरायचं होतं. गाडी थांबली तसा नविन पुढे उडी मारून तंबाखूच्या टपरीकडे गेला. संगिता गर्दीत अडकली, दारापर्यंत पोचेस्तोवर कंडक्टरने घंटी मारली आणि एसटी सुटली. ओरडायलाही तिचं तोंड उघडलं नाही. गाडी तिला थेट तलासरीला घेऊन गेली. तिथे कंडक्टरने तिला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि परतीच्या गाडीतल्या माणसाला सांगितलं, "हिला चारोटीला उतरव रे, हिचा माणूस उभा असेल तिथे."

एवढंच झालं होतं. पण रविंद्रने ते असं रंगवलं की विचारू नका. "पोस्टात चुकलेलं पार्सल! पत्ता बघून परत पाठवलं!" साखरपुडा असो, हळद असो, बारसं असो, चार माणसं जमली की रविंद्र गोष्ट सुरू करायचा आणि अंगण हसून लोळायचं. संगिताही मान खाली घालून हसायची. नाही हसलं तर म्हणतील, हिला राग येतो.

त्या दिवसापासून संगिता एकटी कुठे गेली नाही. गाडीत बसायचं तर कुणाचा तरी पदर नाहीतर दंड हातात लागायचा. नविन नारळी पौर्णिमा झाली की पोरबंदरला बोटीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. मग तिला कुठे न्यायचं, कधी न्यायचं, न्यायचं की नाही, हे सगळं रविंद्रच्या हाती. दोन्ही घरांचं अंगण एक. रविंद्रने बोट सोडून टेम्पो घेतला होता. गल्लीतल्या बायका बोंबील सुकवायच्या, जवळा सुकवायच्या, आणि गोण्या भरून त्याच्या टेम्पोत टाकायच्या. तो तलासरीच्या आठवडी बाजारात माल विकून यायचा आणि त्याच्या मनाला येईल ते प्रत्येकीच्या हातावर ठेवायचा. कुणी विचारत नसे. बाजार बघितला होता कुणी?

दिवाळी होऊन गेली होती. सकाळीच संगिताच्या धाकट्या भावाचा, गणूचा, फोन आला. गणू तलासरीला हायवेलगतच्या एका कंपनीत कामाला, आई त्याच्याकडेच असायची.

"ताई, आईने दोन दिवस घास घेतला नाही. तुझंच नाव लावून धरलंय. आज ये."

नेमका बाजाराचा दिवस. अंगणात रविंद्र टेम्पो भरत होता.

"भावोजी, मला गणूकडे सोडा. आईचं काही खरं नाही."

"पुढे जागा नाही," रविंद्र दोरी आवळत म्हणाला. "दोस्त आहेत दोघं. तिकडे हळदीला जायचंय."

"मी मागे गोण्यांवर बसते."

"आणि परत कोण आणणार? आम्ही रात्री थांबू नाहीतर नाही. म्हातारी माणसं अशी पटकन जात नसतात, संगिता. बघू उद्या-परवा."

त्याची बायको शांती ओट्यावर मांदेली साफ करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "एकटी जा ना मग. बायका विमानाने फिरतात आता."

दोस्त हसले. टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी संगिता एकटी निघाली. गणूला फोन करून सांगितलं, "निघाले मी." रिक्षाने स्टेशनपर्यंत आली, एसटी स्टँडवर आली, तलासरीची पाटी वाचून गाडीत चढली, खिडकीशी बसलीसुद्धा. ड्रायव्हरने गाडी चालू केली. सीट थरथरायला लागली आणि तिच्या छातीवर कुणी दगड ठेवावा तसं झालं. श्वास वरच्या वर. हातपाय गार. कंडक्टर दार ओढून घेणार तेवढ्यात ती लोकांना ढकलत खाली उतरली.

मग स्टँडच्या बाकावर बसली. तलासरीच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. प्रत्येक वेळी ती उठायची, दारापर्यंत जायची आणि परत बाकावर यायची. ऊन बाकाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं. शेवटी ती घरी परतली.

संध्याकाळी गणूचा फोन आला. आवाज कोरडा. "आई दुपारीच गेली. तुला फोन नाही केला. म्हटलं, तू रस्त्यात आहेस, ऐकून कोसळशील. ताई, तू आहेस कुठे?"

तिने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही.

सकाळी रविंद्रने टेम्पो काढला. मयताला न जाऊन कसं चालेल, गाव नावं ठेवील. पण आधी आशागडला डिझेल झालं, मग चारोटीला नाष्टा झाला. "मयत आपल्यासाठी थांबतंय," असं म्हणत त्याने दुसरा चहा मागवला. तलासरीला पोचले तेव्हा गणूच्या खोलीला कुलूप होतं. स्मशानात गेले तर चिता अर्धी बसली होती. आईचं तोंड बघणं राहिलंच.

परत येताना संगिता टेम्पोच्या मागच्या बाजूला जादा चाकाला टेकून बसली होती. केबिनची मागची काच उघडी होती. रविंद्रला वाटलं, वाऱ्यात मागे ऐकू जात नसेल. की ऐकू जावं असंच वाटलं, देव जाणे.

"रिक्षावाल्याने सांगितलं मला," तो शेजारी बसलेल्या शांतीला म्हणत होता. "काल दिवसभर स्टँडवर होती म्हणे. गाडीत चढायची, उतरायची. पार्सल रिटर्न!"

शांतीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलताना संगिताला दिसले.

ती रडली नाही. आईचं जळतं सरण बघून आलेलं रडू तिथेच आटलं, त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. मनात म्हणाली, मला माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाहीस. तुला गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

*

सूड घ्यायचा तर वाट ठाऊक पाहिजे, आणि वाट ठाऊक व्हायची तर गाडीत बसायला पाहिजे. संगिताने तिथूनच सुरुवात केली.

आधी नुसतं स्टेशनपर्यंत जायचं आणि यायचं. मग आशागड. मग गाडी बदलून कैनाड. काम काही नाही. उतरायचं, झाडाखाली उभं राहायचं, परतीची गाडी पकडायची. शेजारणी विचारत, "कुठे गेली होतीस गो?" ती सांगे, "दातांच्या डॉक्टरकडे." गावाला वाटलं असेल, हिचे सगळे दात पडणार आता.

भीती गेली नव्हती. गाडी हलली की छातीवर दगड यायचाच. पण संगिताला त्यावर औषध सापडलं. दगड आला की ती डोळे मिटून रविंद्रचं तोंड आठवायची. गुटख्याने लाल झालेले दात, हसताना हलणारं पोट, "पार्सल रिटर्न" म्हणतानाचा तो आवाज. असा संताप यायचा की त्या संतापाने श्वास मोकळा व्हायचा. माणसं संकटात देवाचं नाव घेतात, ती दिराचं घेई.

तलासरीला पहिल्यांदा उतरली ती बाजाराच्याच दिवशी. एका गोणीत बोंबील, एका पिशवीत जवळा. वास सुटला तर कंडक्टर उतरवेल म्हणून दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलेलं. तरी तो नाक मुरडून म्हणालाच, "मावशी, मागे बसा, एकदम मागे." ती मागे बसली. चारोटी आलं, हायवे लागला, दापचरी गेलं. जिथून पुढे गाडी तिला ओढून घेऊन गेली होती, तिथून पुढे आज ती स्वतः तिकीट काढून चालली होती.

बाजारात शिरली आणि गोंधळली. कुठे बसायचं? एका बाजूला रविंद्रचा टेम्पो दिसला तशी ती मिरच्यांच्या ढिगाआड झाली. तिथे एक म्हातारी वारली बाई वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. हातभर काचेच्या बांगड्या, तोंडात तंबाखू.

"बस गो बाय, बस," म्हातारीने आपलं गोणपाट सरकवलं. "अशी उभी राहशील तर लोकांना वाटेल भीक मागतेस."

म्हातारीचं नाव ठकी. तिने बोंबील हातात घेतला, वाकवून बघितला, तोडून वास घेतला. "हा चांगला. त्या टेम्पोवाल्याच्या जवळ्यात निम्मी वाळू."

"वाळू?" संगिता चमकली. गल्लीतल्या बायका तर जवळा जाळीवर सुकवतात. वाळू येणार कुठून?

"वजनाला टाकत असेल," ठकी थुंकून म्हणाली. "काय करणार? दुसरा येतो कोण?"

त्या दिवशी संगिताला कळलं की रविंद्र आपल्याच गल्लीच्या मालात वाळू मिसळतो. तिला राग आला नाही. आनंद झाला. घरी जाताना गाडीत ती एकटीच हसत होती.

गावात तिने वाळूबद्दल चकार शब्द काढला नाही. दर बाजाराला जात राहिली, ठकीशेजारी बसत राहिली. मग एके दिवशी पलीकडच्या घरातल्या शितलला म्हणाली, "तुझा जवळा तिकडे कसा विकतात बघायचंय का? मी जाते तशी एसटीने जा. पण माझ्याबरोबर नाही. मी आधीच्या गाडीने जाईन, तू मागच्या."

"अगो, बरोबर जाऊ ना. मला भीती वाटते."

"म्हणूनच बरोबर नाही. माझा हात धरून आलीस तर उद्या माझी मिंधी होशील. एकाची मिंधी होतीस ती पुरे."

शितल रडत-पडत आली. चुकून अलीकडेच उतरली, जीप पकडून पोचली. पण पोचली. आणि रविंद्रच्या टेम्पोशी जाऊन आपलाच जवळा मुठीत घेऊन तिने बघितला, तेव्हा वाळू तिच्या बोटांना लागली. घरी येऊन तिने गल्ली डोक्यावर घेतली. संगिताला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

एकेक गोणी टेम्पोतून कमी होऊ लागली. फाल्गुनात निम्मा टेम्पो रिकामा जायचा. पावसाळ्याची बेगमी करायला पाड्यापाड्यावरच्या बाया बाजारात लोटतात ते हेच दिवस, आणि त्या आता ठकीच्या बाजूने वळत होत्या. रविंद्रला कळेना, हे झालं कसं. कळलं तेव्हा त्याने पोरबंदरला फोन लावला.

दोन दिवसांनी नविनचा फोन आला. संगिता गाडीतच होती.

"दादा म्हणतो, तू सारखी बाहेर असतेस. एकटी. लोक बोलतात."

"लोक बोलतात की दादा बोलतो?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही.

"वर्षातले नऊ महिने तू कुठे असतोस, कुणाबरोबर असतोस, मी कधी विचारलं?"

"तसं नाही गं. मला काळजी वाटते."

"माझी आई गेली तेव्हा काळजी करायची होती. तेव्हा दादाला फोन करून सांगायचं होतं, हिला घेऊन जा म्हणून. मी तुलाही फोन केला होता, नविन. तू म्हणालास, दादा बघेल. बघितलं दादाने." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "ठेवते. माझा स्टॉप आला."

स्टॉप आला नव्हता. पण तिला तसं म्हणायला बरं वाटलं.

*

शेवटी रविंद्रने स्वतःच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. चैत्रातला भरगच्च बाजार होता. त्याच्या टेम्पोभोवती माशा, आणि संगिताभोवती बाया. तो तावातावाने आला, गोणपाटासमोर उभा राहिला आणि बाजाराला ऐकू जाईल असा हसला.

"ओळखता का हिला? हे आमचं पार्सल! एसटीत बसवलं की हरवतं. डहाणूच्या स्टँडवर दिवसभर बसली होती, गाडीत चढायची हिंमत नाही. ही तुम्हाला मच्छी विकणार?"

काही बाया हसल्या. जुनी सवय म्हणून संगिताची मान खाली जायला निघाली होती. ती तिने अर्ध्यात थांबवली आणि उठून उभी राहिली.

"पुढचं पण सांगा, भावोजी. गोष्ट अर्धी का सोडता?"

"काय पुढचं?"

"मी स्टँडवर का बसले होते ते." ती रविंद्रकडे बघतच नव्हती, बायांकडे बघून बोलत होती. "माझी आई इथेच, ह्या तलासरीत, माझं नाव घेत पडली होती. ह्यांची गाडी इकडेच येत होती. मी म्हटलं, मला गोण्यांवर बसवा. हे म्हणाले, जागा नाही. दोस्तांना हळदीची दारू प्यायला जागा होती. दुसऱ्या दिवशी आई गेली. तिसऱ्या दिवशी मला घेऊन निघाले आणि वाटेत दोनदा चहा प्यायले. मी पोचले तेव्हा आईचे पाय जळत होते."

मिरच्या घेणारी गिऱ्हाइकंही वळून बघू लागली.

"आणि परत जाताना गाडीत हसले. हसलात ना, भावोजी? सांगा, नाही म्हणून सांगा."

रविंद्रने तोंड उघडलं. तेच लाल दात.

ठकी बसल्या जागेवरून म्हणाली, "आईला शेवटचं पाणी मिळू दिलं नाही त्याची मच्छी माझ्या चुलीवर चढणार नाही." आणि पाड्यावरच्या बायांना आपल्या भाषेत काहीतरी जोरात सांगितलं. टेम्पोपाशी एकच बाई जवळा पिशवीत भरत होती, तिने पिशवी तशीच उलटी केली.

त्या दिवशी रविंद्रने माल भरला होता तसा परत नेला. पुढच्या बाजारालाही. त्याच्या पुढच्या बाजाराला तो आलाच नाही. पाऊस लागायच्या आधी टेम्पो विकला गेला. रविंद्र घरी बसला. लग्नकार्यात दिसला तरी कोपऱ्यात असायचा. गोष्ट सांगायला तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "पुढचं पण सांग." संगिताला हे कळायचं आणि जेवण गोड लागायचं.

*

पावसाळा सरला, पुन्हा बोंबील वाळवणाच्या दांड्यांवर चढले. एके सकाळी शांती अंगण ओलांडून आली. डोळ्याखाली काळं झालेलं.

"संगिता, मला नेशील का गो बाजाराला? हा दिवसभर घरात असतो. प्यायला की माझ्यावर उठतो. मला कधी एकटं जायची सवय नाही. तुझ्याबरोबर येते."

संगिता गोणी शिवत होती. सुई थांबली नाही.

"बायका विमानाने फिरतात आता," ती म्हणाली.

शांतीने ओठ घट्ट मिटले. "मी बोलले होते. चुकलं माझं."

"तू नुसती बोलली नव्हतीस. हसली होतीस. मी मागे बसून बघत होते." संगिताने दोरा दातांनी तोडला. "स्टँडवर गाडी मिळते. जा."

बाजाराच्या दिवशी संगिता नेहमीसारखी मागच्या सीटवर बसली, तर पुढे तिसऱ्या रांगेत शांती. पायाशी गोणी, हाताने समोरचा दांडा असा धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडलेली. गाडी हलली तसे शांतीचे खांदे वर आले. ते काय असतं ते संगिताइतकं कुणाला ठाऊक? पुढे जाऊन नुसता पाठीवर हात ठेवला असता तरी पुरे होतं. संगिता जागची हलली नाही. ती बघत राहिली. जत्रेत खेळ बघावा तशी.

चारोटीला गाडी थांबली आणि शांती उठली. गोणी ओढत, लोकांच्या पायावर पाय देत खाली उतरली. तिला उतरायचं नव्हतं तिथे. दगड सहन झाला नाही, म्हणून उतरली. कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून संगिताला ती दिसली, हायवेच्या कडेला, धुळीत, गोणीला मिठी मारून उभी. त्यांची नजरानजर झाली. संगिताने खिडकीची काच ओढून घेतली.

बाजारात तिचा माल झपाट्याने जात होता. पण बोलण्यात लक्ष लागेना. मोजून दिलेलं पुन्हा मोजून देत होती.

"कुठे आहेस गो?" ठकीने विचारलं.

"इथेच."

ऊन डोक्यावर आलं आणि बाजाराच्या तोंडाशी एक जीप थांबली. शांती उतरली. केस विस्कटलेले, साडीवर उलटीचे डाग, गोणी खांद्यावर. ती सरळ आत आली. ठकीशेजारी जागा होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. पलीकडे कुंभाराच्या मडक्यांपाशी गोणी उघडली, बोंबील मांडले, आणि मग संगिताकडे बघितलं.

त्या बघण्यात विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. असं बघणं संगिताने आरशात बघितलं होतं, सबंध वर्षभर.

"ही कोण?" ठकीने विचारलं.

"माझी जाऊ," संगिता म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आता ही दर बाजाराला येईल."

परतीच्या गाडीत दोघी चढल्या. संगिताच्या शेजारची जागा मोकळी होती, तिथे तिने आपली पिशवी ठेवली होती. शांती तिथवर आली, पिशवीकडे पाहिलं आणि दांडा धरून उभी राहिली. सरकव म्हणाली नाही. संगितानेही सरकवली नाही. गाडीत हेलकावे बसत होते, शांती पाय रोवून उभी होती. दापचरीच्या पुढे कधीतरी संगिताला झोप लागली.

डहाणूचा स्टँड आला तेव्हा कंडक्टरने सीटवर थाप मारून तिला उठवलं. शांती केव्हाच उतरून रिक्षाकडे चालली होती, झरझर, मागे वळून न बघता. तिच्या काखेतली गोणी घडी घातलेली होती. सगळा माल विकून आली होती ती.